दोन कुलपांचं गोदाम

१

दार सरकलं आणि आत काहीच नव्हतं.

अगदीच काही नव्हतं असंही नाही. फरशीवर भुशाचा पातळ थर होता, पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि दोन चिमण्या दाणे शोधत उड्या मारत होत्या. पण महिन्याभरापूर्वी ह्याच दारातून सगळ्यांनी पाहिलेली तुरीच्या कट्ट्यांची, भरल्या पोत्यांची थप्पी, दारापासून थेट पत्र्याला टेकलेली, ती कुठंच नव्हती.

"अगं बया!" नीलम्मा एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी शिल्पाचा दंड घट्ट धरला.

अ‍ॅडव्होकेट शिल्पा बोईनवाड मूळची देगलूरची, वकिली नांदेडला. तिनं आजवर पळालेले नवरे पाहिले होते, पळवलेले ट्रॅक्टर पाहिले होते. कुलूपबंद गोदामातून अख्खी तूर पळालेली मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती. बरं, कुलूप तरी एक? दोन! एक तिच्या अशिलाचं, म्हणजे नीलम्मांचं, आणि दुसरं नीलम्मांचा पुतण्या राजशेखर याचं. दोन्ही आत्ताच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ज्याच्या त्याच्या किल्लीनं उघडली होती. कुलपांवर ना ओरखडा, ना ठोकल्याची खूण.

माल मोजायला कंपनी न्यायाधिकरणानं पाठवलेले निरीक्षक, सोलापूरचे मृत्युंजय हिरेमठ, चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय हे दार उघडत नाही. बरोबर?"

"बरोबर," राजशेखर म्हणाला. भस्माच्या पट्ट्यांखाली त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "माझी किल्ली ऑफिसातल्या खुंटीला असती साहेब. ती कुणीबी काढू शकतंय. काकूची मात्र रात्रंदिवस कमरेच्या पिशवीत." मग तो सावकाश वळला. "काकू, काल तुमची किल्ली कुणाला दिलती?"

नीलम्मांचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला.

२

हे प्रकरण इथवर आलं कसं, ते आधी सांगायला पाहिजे.

लातूरची ही डाळमिल नीलम्मांचे यजमान धोंडप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी उभी केली. तिसरे भागीदार अहमदपूरचे शेषेराव. त्यांची तिथल्या मोंढ्यात, धान्यबाजारात अडत होती, त्यामुळे तूर खरेदी करून मिलला पाठवायचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडं. पाटीवर प्रायव्हेट लिमिटेड लिहिलेलं असलं तरी कारभार घरच्यासारखा. थोरले भाऊ गेले, निम्म्याहून जास्त हिस्सा त्यांच्या मुलाकडं, राजशेखरकडं आला, तरी धोंडप्पा होते तोवर सगळं नीट होतं. धोंडप्पा गेले आणि पुतण्यानं रंग दाखवला. मीटिंग घेतली तरी काकूला नोटीस नाही, हिशोब दाखवणं नाही. गेटची किल्लीसुद्धा काढून घेतली.

शेवटी नीलम्मा आणि शेषेराव या कमी हिश्श्याच्या दोघांनी मिळून अर्ज केला. आमची गळचेपी चाललीय, ही कंपनी गुंडाळा आणि आमचा वाटा आमच्या हातात द्या. सुनावणी सुरू झाली तशी मिल बंद पडली. कोणी माल हलवू नये म्हणून गोदामाला दोन्ही बाजूंची कुलपं लावायचं ठरलं. आणि आज मोजदाद होती.

"संध्याकाळी माझा अहवाल जाईल," हिरेमठ ऑफिसात टेकत म्हणाले. "जे दिसलं तेच लिहिणार. कुलपं शाबूत, अर्जदारबाईंची किल्ली बाईंकडंच, माल नाही."

शिल्पाला पुढचं दिसलं. गळचेपीची दाद मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ लागतात. तो अहवाल गेला की अर्ज तर फेटाळला जाईलच, वर पोलीस दारात येतील. तिनं नीलम्मांना बाजूला घेऊन तसं स्पष्टच सांगितलं.

"केस गेली तर जाऊ दे पोरी," नीलम्मा म्हणाल्या. "पण गाव काय म्हणंल? धोंडप्पाच्या बायकूनं नवऱ्याच्याच मिलमदी चोरी केली म्हणंल. ह्या वयात हे तोंड कुठं लपवू मी?"

"खरं सांगा मावशी. किल्ली कुणाला दिली होती?"

"शपथ घेऊ का? आंघोळीला सुदीक काढत न्हाई. मी तर म्हणत होते, शेषेरावभाऊ, तुम्ही ठिवा. तेच म्हणाले, नको वैनी, तुमच्याचकडं असू द्या. सोबत तर तू बी होतीस की काल दिवसभर."

होती, हे खरंच. काल येळवस होती, मार्गशीर्षातली अमावस्या. नांदेड शहरात त्या दिवशी दुकानं उघडी असतात, ऑटो धावत असतात. लातूरात मात्र कुत्रंदेखील गावात राहत नाही. सगळा जिल्हा डोक्यावर टोपल्या घेऊन शेतात. शिल्पा मोजदादीसाठी आदल्या दिवशीच आली होती, तर नीलम्मांनी तिला ओढतच शेतात नेलं. कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. शेषेरावही होते पंगतीला. जेवल्यावर ते आपल्या शेताकडं, अहमदपूरला निघाले. दिवस मावळताना नीलम्मांनी खोपीत चुलीवर दूध उतू घातलं, ते ज्या अंगाला जाईल तिकडचं पीक चांगलं येतं म्हणून, तेव्हा शिल्पा शेजारीच बसली होती. नीलम्मांची किल्ली कमरेलाच होती. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण वकिलाची साक्ष अशिलासाठी कोण मानणार?

ती पुन्हा गोदामाच्या दाराशी गेली. कुलपं शाबूत, कबूल. पण तिनं कोयंड्याला हात लावला आणि तिचे डोळे चमकले.

३

"साहेब, जरा हे बघा."

दोन्ही कुलपं एकाच कोयंड्यात अडकवलेली होती, आणि तो कोयंडा चार नटबोल्टांनी दाराच्या चौकटीला बसवलेला. सगळ्या दारावर गंज. चार नटांच्या कडा तेवढ्या घासून लख्ख झालेल्या.

"पाना लावून कोयंडाच काढलाय," शिल्पा म्हणाली. "कुलपांना हातही लावलेला नाही. काम झाल्यावर परत बसवला. किल्लीचा प्रश्नच मिटला."

हिरेमठांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, मान डोलावली. शिल्पाला हायसं वाटतंय तोच ते म्हणाले, "दार कसं उघडलं ते कळलं, वकीलबाई. कुणी उघडलं ते कुठं कळलं? पाना तुमच्या अशिलालाही विकत मिळतो. संध्याकाळपर्यंत नाव द्या, नाहीतर मी संशय दोन्ही बाजूंवर ठेवून मोकळा होणार."

वॉचमन दगडोबा गेटवर खालमानेनं उभा होता. "येळवशीला मी बी गावाकडं गेलतो बाई. गेटला कुलूप घालून, किल्ली मुनीमजीकडं देऊन गेलतो. आलो तर कुलूप तसंच."

"गेटच्या किल्ल्या कुणाकुणाकडं?"

"मालकाकडं. मुनीमजीकडं. आन् शेषेरावसायबाकडं."

"शेषेरावांकडं? ते तर मालकाच्या विरोधात गेलेत की. त्यांची किल्ली काढून नाही घेतली?"

दगडोबा ओशाळून हसला. "न्हाई. फकस्त बाईसायबाचीच घेतली."

म्हणजे माणसं तीन. शिल्पानं तिघांनाही एकेक करून गाठायचं ठरवलं.

४

राजशेखर चिडलेलाच होता. "मी कामून चोरू? निम्म्याच्या वर माल माझाच हाय ना! काल दिवसभर औशाच्या शेतात होतो. गाव जेवायला घातलं. रात्री अंधार पडल्यावर परत आलो."

"दूध उतू घातलं असेल ना?" शिल्पानं सहज विचारावं तसं विचारलं. "कुण्या अंगाला गेलं?"

"दक्षिणेला." राजशेखरचं तोंड कडू झालं. "तिकडची जमीन सगळी खडकाळ. मायनं तेव्हापासून जेवण गोड मानलेलं न्हाई. आता हे तुमच्या केसमदी कुठं लागतंय?"

"कुठंच नाही. उगीच."

मुनीम गुरुलिंग म्हातारा, घाबरट, हात जोडूनच बोलणारा. त्याला जमीन नव्हती, मालकाच्याच शेतात वाढायला होता. त्यालाही तिनं तेच विचारलं. "रस्त्याच्या अंगाला गेलं की बाई, दक्षिणेला. थोरल्या बाई रडल्याच."

शेषेराव जीपच्या बॉनेटवर बसून तंबाखू मळत होते. पांढरंशुभ्र धोतर, मोठा आवाज, तेवढंच मोठं हसणं. "म्याडम, आता तरी पटलं का? ह्या राजशेखरनं मालच गायब केला! मिल त्याच्या ताब्यात, वॉचमन त्याचा. आपली केस आयतीच भक्कम झाली बघा."

"पण हिरेमठ साहेबांचा संशय मावशींवर आहे."

शेषेरावांचा हात क्षणभर थांबला. "वैनीवर? ते कसं काय? न्हाई न्हाई, ते तुम्ही बघून घ्या." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"काल तुम्ही जेवून गेलात ते..."

"थेट अहमदपूर. दिवस मावळायच्या आत शेतात हजर. पेटत्या कडब्याचा हेंडगा घेऊन सगळ्या शेताला फेरा म्याच घातला."

"आणि दूध?"

"उगवतीला!" शेषेरावांनी मांडीवर थाप मारली. "एकदम उगवतीला. औंदा त्या अंगाचा हरभरा कसा येतो बघा तुम्ही."

तिघांची उत्तरं मिळाली होती. त्यांतलं एक खोटं असेल तर कुणाचं, हे शिल्पाला अजून सांगता येत नव्हतं. आणि त्याहून मोठा एक प्रश्न तिच्या डोक्यात घोंगावत होता, जो अजून कुणीच विचारला नव्हता.

५

एवढी तूर उचलली कुणी?

काल सकाळी लातूरच्या स्टँडवरून शेतात जायला साधा ऑटो मिळाला नव्हता. मग ट्रक कुठून मिळणार? आणि पाठीवर कट्टे वाहायला हमाल? येळवशीला लातूरचा हमाल दुप्पट मजुरी सोडा, सोनं दिलं तरी यायचा नाही. चोरानं दिवस मोठा हुशारीनं निवडला होता, गावात बघायला माणूस नको म्हणून. पण बघायला माणूस नाही त्या दिवशी ओझं उचलायलाही माणूस नाही, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग कट्टे गेले कुठं? शिल्पा मिलच्या आवारात फिरू लागली. मागच्या अंगाला भुशाचा ढीग होता. डाळ भरडल्यावर निघणारी तुरीची टरफलं, ढोरांच्या खाद्यासाठी विकायची. मिल महिनाभर बंद. ढिगाचा खालचा भाग दवानं दबून काळपट पडला होता. वरचा मात्र भुसभुशीत आणि कोरडा. तिनं मूठभर उचलला आणि वाऱ्यावर सोडला. तो भुर्रकन उडाला.

"मुनीमजी, रिकामा बारदाना कुठं ठेवता?"

गुरुलिंगनं बाजूची खोली उघडली. रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. वरच्या पोत्यांवर अहमदपूरच्या अडतीचा मार्का, शेषेरावांचा. त्यात नवल नव्हतं, सगळी तूर त्यांच्याकडूनच यायची. शिल्पानं एक पोतं उलटं करून झटकलं. टरफलं पडली. दुसरं झटकलं. टरफलंच. एकातूनही तुरीचा एक दाणा पडला नाही.

थप्पीत तूर नव्हतीच! समोर भुशाच्या कट्ट्यांची भिंत आणि मागं पोकळी. भुशाचं पोतं हलकं, एकटा माणूस एका वेळी दोन-दोन नेईल. नट काढायचे, कट्टे मागच्या ढिगावर रिकामे करायचे, पोती बारदान्यात टाकायची, नट बसवायचे. ना ट्रक, ना हमाल.

मोजदाद झाली असती तर तूर कमी भरली असती असं नाही. भुसा सापडला असता!

पण भुसा भरला कुणी? विकणाऱ्यानं भुसाच पाठवला, का मालकानं तूर विकून मागाहून भुसा भरला? शेषेराव की राजशेखर? सूर्य कलला होता. ऑफिसात हिरेमठ लॅपटॉप उघडून बसले होते.

६

"एक फोन करू द्या," शिल्पा म्हणाली. "मग काय लिहायचं ते लिहा."

ऑफिसात सगळेच होते. तिनं आधी भुशाची गोष्ट सांगितली, पोतं झटकून दाखवलं. राजशेखर ताडकन उठला. "भुसा? आम्ही तुरीचे पैसे मोजले की!"

"बघा, बघा!" शेषेरावही उठले. "म्या चोख तूर धाडली. ह्यानंच विकून खाल्ली आन् भुसा भरला!"

"ते आत्ता कळेल. मावशी, शेषेरावांच्या घरी फोन लावा. त्यांच्या बायकोला, विठाबाईंना. आणि काल तुमच्याकडं दूध कुण्या अंगाला गेलं, एवढंच विचारा. दुसरं काही नाही."

शेषेरावांचा चेहरा उतरला. "तिला कामून तरास देता? म्या सांगितलं की तुमाला." त्यांचा हात खिशातल्या फोनकडं गेला.

"हात टेबलावर ठेवा," हिरेमठ एकदम करड्या आवाजात म्हणाले.

नीलम्मांनी फोन स्पीकरवर लावला. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून मोकळा, प्रेमळ आवाज आला. "शरणार्थ वो नीलम्माबाई! कशी झाली येळवस?"

"झाली बाई चांगली. आमच्याकडं दूध उत्तरंला गेलं. तुमच्याकडं?"

"मावळतीला! हिरीच्या अंगाला गं. लेकरांनी ह्ये नाचून घेतलं. तिकडंच ऊस हाय न्हवं औंदा."

नीलम्मांनी फोन ठेवला.

"मावळतीला," शिल्पा म्हणाली. "तुम्ही म्हणालात उगवतीला. त्या चुलीपाशी घरातली सगळी माणसं डोळे लावून बसतात. वर्षभराचं पीक कुठं पिकणार, ते दूध सांगतं म्हणून. काल संध्याकाळी बघितलेलं आज विसरेल असा शेतकरी ह्या जिल्ह्यात एक दाखवा. राजशेखरनं आणि मुनीमजींनी एकच दिशा सांगितली, तीही वाईट. तुम्ही चांगली दिशा सांगितलीत, कारण तुम्हाला ती मनानंच ठरवायची होती. तुमचा पाय काल स्वतःच्या शेतात पडलाच नाही. कुठं होतात, सांगा की."

"ध्यान नव्हतं माझं..."

"बायकोला सांगून ठेवलं असेल, कुणी विचारलं तर मी घरी होतो म्हण. दुधाचं सांगायचं राहिलं. माहीत नाही म्हणाला असतात तर वाचलात असतात. पण तसं म्हणायला शेतकऱ्याची जीभ वळत नाही."

शेषेराव खुर्चीत बसले. मोठा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "धोंडप्पा परखीची सळई घालून कट्टा न् कट्टा तपासायचा," ते पुटपुटले. "तो गेल्यावर कुणी बघीनाच झालं, कट्टे रचायला बी माझेच हमाल. म्हणलं, एक खेप. मग दुसरी. भांडण लागलं तर सगळं ह्याच्या अंगावर जाईल वाटलं. मोजदाद लागंल असं कुठं वाटलं होतं? वैनी, किल्ली तुमच्याकडं ठिवली ते माझ्यावर नजर जाऊ नये म्हणून. तुमच्यावर येईल हे ध्यानातच आलं न्हाई."

"मला कंपनी मोडायला लावली तुम्ही," नीलम्मा म्हणाल्या. "भाऊ म्हणत होते मी तुमाला." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हिरेमठांनी लॅपटॉपवर लिहायला सुरुवात केली.

७

पोलीस शेषेरावांना घेऊन गेले तेव्हा आवारात दिवे लागले होते. राजशेखर पायरीवर बसून होता. मग उठून नीलम्मांसमोर आला, वाकला.

"काकू, चुकलो. तुमच्यावर आळ घेतला. आता घरातलं घरात मिटवू. केस तेवढी मागं घ्या."

नीलम्मांनी पाय मागं घेतले.

"चोर सापडला म्हंजे तू सुटलास असं वाटतंय का तुला? तुझे काका गेल्यावर मी दोनदा आले होते हितं. म्हणलं, थप्पीला परखी लावून बघू दे. मला येतंय ते, त्यांच्यासंगं उभी राहून शिकलेय. तू तोंड बी दाखवलं न्हाईस. दगडोबाकडून निरोप धाडलास, बायामाणसाचं मिलमदी काय काम. त्या दिवशी आत सोडलं असतंस तर पहिल्याच खेपंला भुसा सापडला असता. शेषेरावनं चोरी केली, मान्य. पण त्याला किल्ली ठिवलीस आन् माझी काढून घेतलीस, ते कुणी केलं?"

शिल्पा दाराशी उभी होती. गेले काही महिने ह्या बाईंच्या वतीनं ती जे पानंच्या पानं लिहीत होती, ते त्या चार वाक्यांत बोलून गेल्या होत्या. तिला अभिमान वाटला आणि थोडी लाजही.

"शिल्पा."

"जी मावशी."

"कंपनी गुंडाळा म्हणून लिवलंय ना आपण, ते खोडून टाक. ते शेषेरावनं माझ्या डोक्यात भरलं होतं. मिल चालली पाहिजे. माझ्या माणसानं उभी केलीय ती." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् गळचेपीचं लिवलंय त्यातला एक शबूद बी काढू नगंस."

"काकू, असं काय करायलाव? मी पाया पडायलोय ना!"

"पाया नंतर पड. आधी मीटिंगची नोटीस काढ, माझ्या नावानं. सगळ्या भागीदारांना काढतेत तशी."

काकू काही हलत नाहीत हे बघून राजशेखरनं मुनीमजींना हाक मारली आणि कंपनीचा कोरा कागद आणायला सांगितला. गुरुलिंगनं कागद आणला, पेन उघडलं आणि विचारलं, "बाई, मीटिंगची तारीख कुठली टाकू?"

"माझी सवड मला इचारली का कुणी आजवर?" नीलम्मा म्हणाल्या, आणि मग खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसल्या. "उद्याची टाका."